सूक्ष्म वाहिन्यांचा इतिहास : सिलिकॉन, काच, रबर आणि कागद

गोषवारा : केसाइतक्या किंवा त्याहून बारीक वाहिन्यांतून अत्यल्प द्रव खेळविणाऱ्या उपकरणांच्या शास्त्रास मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात, मराठीत त्यास सूक्ष्मद्रायुशास्त्र म्हणता येईल. या शास्त्राचा इतिहास सामान्यतः कल्पनांचा व संशोधकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो पदार्थांचा इतिहास म्हणून मांडला आहे. उपकरण कशाचे बनविले आहे यावरून ते कोणाच्या हाती पडेल हे वेळोवेळी ठरत गेले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सूक्ष्मवाहिन्या, स्तरीय प्रवाह, सिलिकॉन, पीडीएमएस, कागदी चाचणी, क्षयरोग निदान

प्रस्तावना

संगणकाला जोडलेला शाईफवारा छपाईयंत्र, गर्भधारणेची घरगुती चाचणी, जनुकक्रम वाचणारे यंत्र आणि क्षयरोगाचे निदान करणारी प्लॅस्टिकची कुपी या चार वस्तूंत वरकरणी काहीही साम्य नाही. तथापि चारही ठिकाणी एकच गोष्ट घडते. द्रवाचा अतिसूक्ष्म अंश ठरलेल्या अरुंद मार्गाने, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी पोचविला जातो. या उपकरणांतील वाहिन्यांची रुंदी बहुधा काही मायक्रोमीटरपासून काहीशे मायक्रोमीटरपर्यंत असते. मानवी केसाची जाडी स्थूलमानाने ५० ते १०० मायक्रोमीटर असते, हे लक्षात घेतल्यास या मापाची कल्पना येते.

या विषयाचा इतिहास सांगताना दोन वर्षांचा उल्लेख हमखास होतो : १९७९ व १९९०. पहिल्या वर्षी सिलिकॉनच्या चकतीवरील वायुवर्णलेखक प्रसिद्ध झाला, तर दुसऱ्या वर्षी संपूर्ण प्रयोगशाळाच एका चिपवर आणण्याची कल्पना मांडली गेली. तेथून पुढे सतत प्रगतीची चढण दाखविली जाते. ही मांडणी चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. ज्यांच्या नावाने या शास्त्राने गेली तीन दशके अनुदाने मिळविली, त्या गरीब देशांतील रुग्णांपर्यंत यातले काय व कोणत्या वाटेने पोचले, या प्रश्नाचे उत्तर तीत मिळत नाही.

वात, केशनलिका आणि रेनॉल्ड्सचा अंक

समईच्या वातीतून तेल वर चढते ते केशाकर्षणाने. बारीक नळीत द्रव आपोआप शिरतो हे माणसास फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे मोजमाप मात्र एकोणिसाव्या शतकात झाले. झां पॉइझय हा फ्रेंच वैद्य रक्त केशवाहिन्यांतून कसे वाहते या कुतूहलापोटी काचेच्या अत्यंत बारीक नळ्यांतून पाणी सोडून प्रयोग करीत होता. १८४० च्या सुमारास त्याने दाखवून दिले की, दाब व लांबी तीच ठेवल्यास प्रवाह नळीच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. व्यास निम्मा केला की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. पुढे चिपवर पंप बसविताना अभियंत्यांना ज्या अडचणी आल्या, त्यांचे मूळ याच नियमात आहे.

दुसरा टप्पा १८८३ सालचा. मँचेस्टर येथे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडली. वेग कमी असता ती सरळ रेषेत राहिली व वेग वाढताच विस्कटली. स्तरीय व संक्षुब्ध प्रवाह यांतील सीमा दाखविणाऱ्या गुणोत्तरास आज रेनॉल्ड्स अंक म्हणतात. नळीत ही सीमा सुमारे २००० च्या आसपास येते. १०० मायक्रोमीटर रुंद वाहिनीतून सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने पाणी वाहत असल्यास हा अंक केवळ ०.१ भरतो. अर्थात अशा वाहिनीत खळबळ माजणे शक्यच नाही. दोन द्रव शेजारी शेजारी सोडले तर ते एकमेकांना खेटून, न ढवळता वाहत राहतात व केवळ विसरणाने मिसळतात.

हे विसरणही मापाप्रमाणे बदलते. पाण्यात विरघळलेल्या लहान रेणूस १ सेंटीमीटर अंतर केवळ विसरणाने कापण्यास सुमारे १४ तास लागतात. १ मिलिमीटरला सुमारे ८ मिनिटे आणि १०० मायक्रोमीटरला अवघे ५ सेकंद. काळ अंतराच्या वर्गानुसार वाढतो, म्हणून अंतर दहापट कमी केले की काळ शंभरपट कमी होतो. चिपवरील चाचणी झटपट होण्याचे मुख्य कारण हे साधे गणित होय. द्रव कमी लागतो हा लाभ त्या मानाने दुय्यम म्हणावा लागेल.

शाईचा थेंब

औद्योगिक दृष्टीने पाहता सूक्ष्मवाहिन्यांचे पहिले मोठे यश प्रयोगशाळेत नव्हे, छपाईत दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रिचर्ड स्वीट याने १९६० च्या दशकात शाईच्या धारेचे समान थेंब पाडून त्यांना विद्युत्भार देण्याची व त्यायोगे त्यांची दिशा वळविण्याची पद्धत विकसित केली. तिचा पुढचा प्रवास मनोरंजक आहे. १९६५ मध्ये लॉस अलामॉस येथील मॅक फुलवायलर याने हीच युक्ती जिवंत पेशींना लावली. प्रत्येक थेंबात एक पेशी आणि तिच्या आकारमानानुसार थेंबास भार, अशा रीतीने पेशी निवडणारे यंत्र तयार झाले. स्टॅनफर्डमध्ये लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी त्यास प्रतिदीप्तीची जोड दिली आणि रोगप्रतिकारशास्त्राचे स्वरूप पालटले. शाईसाठी शोधलेली वस्तू रक्ताच्या कामी आली.

पुढे १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीत तापलेली डाग देण्याची कांब शाईच्या पिचकारीच्या सुईला लागली व शाई उडाली, यातून उष्णतेने बुडबुडा निर्माण करून थेंब फेकण्याची कल्पना सुचली, असे कंपनी सांगते. हेवलेट-पॅकार्ड कंपनी त्याच मार्गावर होती. तिचा थिंकजेट हा छपाईयंत्र १९८४ मध्ये बाजारात आला. तरीही या शास्त्राच्या इतिहासात शाईफवाऱ्यास प्रास्ताविकापलीकडे स्थान मिळत नाही. कार्यालयातली वस्तू प्रयोगशाळेच्या वंशावळीत बसत नाही, एवढेच त्याचे कारण दिसते.

सिलिकॉन आणि काच

१९७९ मध्ये स्टीफन टेरी, जॉन जर्मन व जेम्स एंजेल यांनी स्टॅनफर्ड येथे केलेला वायुवर्णलेखक ५ सेंटीमीटर व्यासाच्या सिलिकॉन चकतीवर बसविलेला होता. तीत कोरलेली १.५ मीटर लांबीची सर्पिल वाहिनी, आत वायू सोडणारी झडप व शोधक यांच्या साह्याने वायूंचे साधे मिश्रण काही सेकंदांत वेगळे होत असे. संगणकाच्या चिपा कोरण्याचे प्रकाश-शिलामुद्रणाचे तंत्र तेथे आयतेच उपलब्ध होते. असे असूनही जवळजवळ दशकभर या कामाकडे रसायनशास्त्रज्ञांनी फारसे लक्ष दिले नाही. त्यांना सिलिकॉन कोरता येत नव्हते आणि ज्यांना ते येत होते त्यांना वर्णलेखनाची गरज नव्हती. चकती कोरण्यासाठी धूळमुक्त कक्ष लागे व तो विद्युत्-अभियंत्यांच्या ताब्यात असे. पदार्थाने वापरकर्ता ठरविल्याचे हे पहिले ठळक उदाहरण.

१९९० मध्ये आंद्रेआस मांत्स यांनी बाझेल येथील सिबा-गायगी या औषधकंपनीत असताना, सहकाऱ्यांसमवेत, नमुना घेण्यापासून निष्कर्षापर्यंतची सर्व कामे एका लघु यंत्रणेत एकवटण्याची संकल्पना मांडली. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. यंत्र लहान म्हणून स्वस्त अथवा हातात मावणारे, असा त्यांचा मूळ युक्तिवाद नव्हता; लहान केल्याने पृथक्करणाची गुणवत्ताच सुधारते, असा तो होता. गरिबांच्या निदानाचे स्वप्न या शास्त्राला नंतर जोडले गेले.

मांत्स आणि कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे जेड हॅरिसन यांनी लवकरच सिलिकॉन सोडून काच हाती घेतली. कारण व्यावहारिक होते. विद्युत्दाबाने द्रव पुढे सरकविण्याच्या पद्धतीत हलता पंप लागत नाही, परंतु त्यासाठी लागणारा उच्च दाब सिलिकॉनला सोसत नाही. काच तो सोसते. १९९३ मध्ये काचेच्या चिपवर ॲमिनो आम्ले काही सेकंदांत वेगळी करून दाखविण्यात आली. नेदरलँड्समधील एन्सखेडे येथे १९९४ मध्ये या विषयाची पहिली स्वतंत्र परिषद भरली. याच दशकात अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने रासायनिक व जैविक अस्त्रांचा माग काढणाऱ्या उपकरणांसाठी मोठा निधी दिला. शीतयुद्ध संपल्यावर युद्धभीतीच्या पैशावर वाढलेले हे शास्त्र आहे, हे त्याच्या आरोग्यविषयक घोषणा वाचताना विसरू नये.

रबराचे दशक

१९९८ हे वर्ष निर्णायक ठरले. हार्वर्ड येथील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएस या सिलिकोन रबरात वाहिन्या ओतण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वाहिन्यांचा आराखडा संगणकावर काढायचा, तो पारदर्शक फितीवर उच्च प्रतीच्या छपाईयंत्राने छापायचा, त्यावरून एकदाच उठावाचा साचा करायचा व पुढे त्या साच्यावर पातळ रबर ओतून, भट्टीत घट्ट करून, सोलून काढायचे. ऑक्सिजनच्या प्लाझ्माने पृष्ठभाग संस्कारित करून ते काचेवर टेकविले की पक्के चिकटते. आराखड्यापासून उपकरणापर्यंतचे काम २४ तासांच्या आत होऊ लागले. साच्यासाठी तेवढा स्वच्छ कक्ष लागतो, उरलेले काम कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत होते. साचा म्हणजे मूर्तिकाराचा साचा. एकदा हाती आला की मूर्ती कितीही काढाव्यात.

परिणामी हे तंत्र जीवशास्त्रज्ञांच्या हाती आले. रबर पारदर्शक असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते आणि ते वायू आरपार जाऊ देत असल्याने बंद वाहिनीतही पेशी जगतात. २००० मध्ये स्टीफन क्वेक यांच्या गटाने रबराच्या लवचिकतेचाच उपयोग केला. एकावर एक दोन थरांतील वाहिन्या परस्परांना छेदतात. एका थरातील वाहिनीत हवा दाबली की दुसऱ्या थरातील वाहिनी मिटते. ही झाली झडप. २००२ मध्ये त्यांनी ३५७४ झडपा व १००० स्वतंत्र कक्ष असलेली चिप प्रसिद्ध केली. संगणकाच्या एकात्म मंडलांशी तिची तुलना झाली ती साहजिकच होती.

या तुलनेने मात्र घात केला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इलेक्ट्रॉनला भिंतीचा रबरी गुण बाधत नाही; रेणूंना तो बाधतो. पीडीएमएस लहान जलविरोधी रेणू स्वतःत शोषून घेते. एखाद्या औषधाचा पेशींवरील परिणाम मोजायचा असेल आणि औषध भिंतीतच मुरत असेल, तर मोजलेली संहती निरर्थक ठरते. अनेक सेंद्रिय द्रावकांत हे रबर फुगते. शिवाय ओतून, तापवून, सोलून काढावी लागणारी वस्तू कारखान्यात लाखोंनी तयार करणे अवघड. तेथे प्लॅस्टिकचे अंतःक्षेपी साचेकाम चालते आणि त्याचे नियम सर्वस्वी वेगळे. ज्या गुणांमुळे पीडीएमएस विद्यापीठांत लोकप्रिय झाले, तेच बाजाराच्या उंबरठ्यावर आडवे आले. २०१४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील एका आढाव्यात सॅकमन, फुल्टन व बीबी यांनी दाखवून दिले की, या विषयावरील बहुसंख्य शोधनिबंध तोवर अभियांत्रिकीच्या नियतकालिकांतच प्रसिद्ध होत होते. वैद्यक व जीवशास्त्रात त्यांचा शिरकाव अल्प होता.

उद्योगात काय रुजले

उद्योगात जे टिकले ते बहुधा एखादे एकच काम चोख करणारे होते. कॅलिपर व ॲजिलेंट या कंपन्यांनी १९९९ मध्ये आणलेले बायोॲनालायझर हे काचेच्या चिपवर आरएनए-डीएनएची प्रत तपासणारे यंत्र आजही प्रयोगशाळांत दिसते. इल्युमिनाच्या जनुकक्रम यंत्रांतील काचपट्टी हीही सूक्ष्मवाहिनीच होय, जरी तिला कोणी त्या नावाने ओळखत नाही. तेलात पाण्याचे सारख्या आकाराचे थेंब पाडण्याचे तंत्र २००१ नंतर विकसित झाले. २०१५ मध्ये हार्वर्ड येथील संशोधकांनी उंदराच्या दृष्टिपटलातील ४४,८०८ पेशींचा, प्रत्येकीस स्वतंत्र थेंबात बंदिस्त करून, जनुकीय आढावा घेतला. फुलवायलरच्या थेंबाशी या थेंबाचे नाते उघड आहे.

रासायनिक उद्योगात लाभाचे कारण निराळे आहे. वाहिनी जितकी अरुंद तितके तिचे पृष्ठफळ घनफळाच्या मानाने अधिक, म्हणून उष्णता लवकर बाहेर पडते. नायट्रीकरणासारख्या भडकणाऱ्या विक्रिया मोठ्या भांड्यात धोकादायक असतात. अरुंद वाहिनीत सतत वाहत्या स्थितीत त्या आटोक्यात राहतात. उत्पादन वाढवायचे झाल्यास वाहिनी रुंद न करता वाहिन्यांची संख्या वाढविली जाते. एमआरएनए लसींच्या मेदकणांचे प्रारंभिक संशोधनही चिपवरील मिश्रकांनी सुकर केले. परंतु कोव्हिडच्या लसींचे कोट्यवधी डोस तयार करताना दोन धारा एकमेकींवर आदळविणारी मोठी मिश्रके वापरली गेली. चिपने मार्ग दाखविला, माल दुसऱ्याने वाहिला.

कागद

आता ज्या पदार्थाकडे या शास्त्राने उशिरा पाहिले, त्याकडे वळू. १९४४ मध्ये मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदी वर्णलेखन शोधले. मार्टिन व सिंज यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४९ मध्येच म्युलर व क्लेग यांनी गाळणकागदावर मेणाच्या रेघा ओढून द्रवाला ठरलेल्या वाटेने जाण्यास भाग पाडले होते. आजच्या भाषेत ती कागदी सूक्ष्मवाहिनी होय. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तिची आठवण क्वचितच कोणी काढली. मधल्या काळात उद्योग आपल्या वाटेने चालला होता. लघवीतील साखर दाखविणारी क्लिनिस्टिक्स पट्टी हेलन व आल्फ्रेड फ्री यांच्या संशोधनातून १९५६ मध्ये आली, आणि १९८८ मध्ये युनिलिव्हरच्या कंपनीने क्लिअरब्लू ही एकाच पायरीत निकाल देणारी गर्भधारणा चाचणी विक्रीस आणली. तीत पंप नाही, वीज नाही. सच्छिद्र पट्टी वातीसारखा द्रव ओढते, रंगीत कण प्रतिपिंडांना घेऊन वाहतात व ठरल्या रेषेवर अडकतात.

२००७ मध्ये व्हाइटसाइड्स यांच्याच गटाने नक्षीदार कागदावर लघवीतील ग्लुकोज व प्रथिन तपासून दाखविले, तेव्हा विद्वत्सभेत कागदाचा पुनर्जन्म झाला. रबराचे युग ज्यांनी सुरू केले, त्यांनीच नऊ वर्षांनी कागद हाती घेतला, ही घटना बोलकी आहे. तरी प्रत्यक्ष प्रसार झाला तो जुन्या, साध्या पट्टीचाच. कोव्हिडच्या साथीत जगभर वापरल्या गेलेल्या झटपट प्रतिजन चाचण्या क्लिअरब्लूच्या तत्त्वावर चालणाऱ्या होत्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०२१ मध्ये मान्यता दिलेली देशातील पहिली घरगुती कोव्हिड चाचणी पुण्याच्या मायलॅबची होती, तीही याच कुळातली.

थेंबभर रक्ताची मर्यादा

लहानपणाच्या मोहाची दुसरी बाजू थेरॅनॉस प्रकरणात दिसली. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ मध्ये स्थापिलेल्या या अमेरिकी कंपनीने बोटाच्या थेंबभर रक्तात शेकडो चाचण्यांचे आश्वासन दिले. २०१४ पर्यंत तिचे मूल्यांकन सुमारे ९ अब्ज डॉलर झाले. २०१५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने तिचा फोलपणा उघड केला, २०१८ मध्ये कंपनी बंद पडली आणि २०२२ मध्ये होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या. त्यांच्या यंत्रात सूक्ष्मवाहिन्यांपेक्षा पिपेट हलविणारा यांत्रिक हातच प्रमुख होता, म्हणून हे अपयश या शास्त्राचे नव्हे. परंतु शंका न येण्याचे एक कारण असे की, लहान म्हणजे उत्तम हे समीकरण तोवर सर्वमान्य झाले होते. साधे गणित पाहावे. १ मिलिलिटर रक्तात एखाद्या विषाणूचे १०० कण असतील, तर १० मायक्रोलिटरच्या थेंबात सरासरी १ कण येईल आणि अशा १०० थेंबांपैकी सुमारे ३७ थेंबांत एकही कण नसेल. वाहिनी कितीही कुशलतेने कोरली तरी जे थेंबात नाही ते ती शोधू शकत नाही.

अँथ्रॅक्सकडून क्षयरोगाकडे

या गणिताची जाण ठेवून केलेले उपकरण म्हणजे सेफीड कंपनीचे जीनएक्स्पर्ट. त्याच्या प्लॅस्टिकच्या कुपीत मिलिलिटरभर नमुना घेतला जातो, त्यातील जिवाणू गाळून एकत्र केले जातात, फोडले जातात आणि फिरत्या झडपेद्वारे द्रव कक्षाकक्षांतून नेऊन डीएनएचे बहुगुणन केले जाते. २००१ च्या शरदात अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स पाठविले गेले, २२ जणांना बाधा झाली व ५ जण दगावले. त्यानंतर टपाल छाननी केंद्रांत जे शोधयंत्र बसविले गेले त्यात हेच तंत्र होते. त्याच कुपीची रचना पुढे क्षयरोगासाठी वापरण्यात आली आणि डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. थुंकीच्या नमुन्यातून क्षयरोग व रिफॅम्पिसिन या औषधास असलेला प्रतिरोध दोन तासांच्या आत कळू लागला. जिवाणूसंवर्धनास यापूर्वी कित्येक आठवडे लागत.

तथापि किंमत हा प्रश्न राहिलाच. २०१२ मध्ये देणगीदार संस्थांनी रक्कम भरून अधिक भार असलेल्या देशांसाठी एका कुपीची किंमत १६.८६ डॉलरवरून ९.९८ डॉलरवर आणली. ती पुढे अकरा वर्षे तेथेच थबकली. ५ डॉलरची मागणी करणाऱ्या रुग्णसंघटनांच्या दीर्घ मोहिमेनंतर सप्टेंबर २०२३ मध्ये क्षयरोगाच्या चाचणीची किंमत ७.९७ डॉलर करण्यात आली. शिवाय यंत्रास अखंड वीज व आटोक्यातले तापमान लागते. आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मे महिन्यात ही अट किती जाचक ठरते, हे वेगळे सांगणे नको.

भारतीय पर्याय या अटीतूनच घडला. बंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेत विकसित झालेली आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने आणलेली ट्रूनॅट ही चाचणी बॅटरीवर चालते, यंत्र उचलून नेता येते व बहुगुणनाचे काम लहानशा चिपवर सुमारे तासाभरात होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिची शिफारस केली. त्याच वर्षी कोव्हिडच्या तपासणीसाठीही ती जिल्हा व तालुका पातळीवर वापरली गेली. मांत्स यांच्या १९९० च्या व्याख्येनुसार ती ‘संपूर्ण’ यंत्रणा मात्र नव्हे. एका यंत्रात डीएनए वेगळे केले जाते आणि मग तंत्रज्ञ आपल्या हाताने, पिपेटने, त्याचा ठरलेला अंश चिपवर सोडतो. जीनएक्स्पर्टमध्ये जे काम फिरती झडप करते त्यातला एक भाग येथे माणसाच्या हातावर सोपविला आहे, आणि वातानुकूलन नसलेल्या केंद्रात हे यंत्र ठेवता येते.